थांबा, ती बोलतेय

मिनियापोलिस
२९ जुलै २०१८

प्रिय लेम्पी आत्या,

तू भाजलेला आपला फिनिश पाव, पुल्ला, पोचला. डब्याचं झाकण काढलं तेव्हा वेलदोड्याचा वास जिन्यापर्यंत गेला असावा, कारण खालच्या मजल्यावरचे दोघे जण उगाचच मीठ मागायला आले. त्यांना एकेक काप दिला, उरलेला पाव मी एकटीनं संपवला. तुझे खूप आभार. या शहरात माझ्यासाठी कुणी काही भाजत नाही.

फोनवर तुला माझं बोलणं ऐकू येत नाही आणि संगणकाला तू उंबरा ओलांडू देत नाहीस, तेव्हा वर्षभर असंच कागदावर भेटू. बाबा तुला नीट काही सांगत नसणार. तुझाच भाऊ, तुला माहीत आहे. त्यांच्या समजुतीत मी अजून दुकानात बसून गोळ्या मोजणार आहे. तर ऐक. कॉलेज संपलं, फार्मासिस्टचा परवाना मिळाला, आणि त्यावर मी एक वर्षाची रेसिडेन्सी घेतली आहे. म्हणजे मोठ्या हॉस्पिटलात, जाणत्या फार्मासिस्टांच्या नजरेखाली, पेशंटच्या खाटेपाशी उभं राहून शिकायचं. मी हृदयविकाराच्या वॉर्डात आहे. सकाळी डॉक्टरांच्या बरोबर राऊंडला जाते. कुणाला कुठली गोळी, किती, कशाबरोबर चालणार नाही, हे ते मला विचारतात. परवा एका सर्जननं माझ्या सांगण्यावरून डोस बदलला. त्या दिवशी मी घरी चालत आले, बसमध्ये स्वस्थ बसवलं नसतं.

पण आमच्या प्रमुख डॉ. ओडेट बार्नवेल यांनी याच्या जोडीला एक गाठोडं डोक्यावर दिलंय. महिन्याच्या बैठकीचं टिपण मी लिहायचं. नर्सेससमोर भाषण करायचं. आमदाराला औषधांच्या कायद्याबद्दल पत्र लिहायचं. एक समिती चालवायची. आणि शरद ऋतूत कॉलेजची विद्यार्थिनी येईल, तिला शिकवायचं. मी औषधं शिकायला आले, आत्या, सभा चालवायला नाही. घरात सभांचं खातं तुझ्याकडे होतं.

तुझी,
हिल्मा


एव्हलेथ
४ ऑगस्ट २०१८

हिल्मा पोरी,

पत्र वाचून मी उठले आणि स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालत राहिले. कॉफी उतू गेली.

शाळेच्या स्वयंपाकघरात मी आयुष्य काढलं आणि तिथल्या बायकांची संघटना उभी केली. जास्तीचं काम कुठल्या गोड नावानं मागतात, ते मला कुणी सांगू नये. आम्हाला म्हणायचे, मुलं तुमचीच आहेत, शनिवारी येऊन भांडी घासा. तुला म्हणताहेत, हे शिक्षण आहे. इतिहासाचं कुठलंही पुस्तक उघड. शिकाऊ पोराकडून स्वतःची चूल पेटवून घेणारे कारागीर प्रत्येक शतकात होते, आणि प्रत्येकजण हेच सांगत होता की पोराला वळण लागतंय.

तू परवाना असलेली फार्मासिस्ट आहेस. पगार निम्मा घेतेस, कारण शिकते आहेस. ठीक. मग औषधं शिकवा म्हणावं. टिपण लिहायला कारकून ठेवा, पोरींना शिकवायला मास्तर ठेवा. त्या बाईंपुढे उभी राहा आणि हे सांग. पाय थरथरले तर थरथरू देत. आवाज थरथरता कामा नये.

आणि बसनं जात जा. एवढ्या मोठ्या शहरात पायी कसली हिंडतेस.

लेम्पी आत्या


मिनियापोलिस
२१ ऑक्टोबर २०१८

प्रिय आत्या,

तुझं ऐकून मी गेले. तुझी वाक्यं जवळजवळ जशीच्या तशी म्हटली. डॉ. बार्नवेलनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं की हे माझं आहे की कुणी पढवून पाठवलंय. मी खरं ते सांगितलं. त्या इतक्या हसल्या की डोळे पुसावे लागले. त्यांचे वडील शिकागोच्या मांसाच्या कारखान्यात कामगारांचे पुढारी होते, आणि हे भाषण त्या रोज रात्री जेवणाबरोबर ऐकत मोठ्या झाल्या. तुला त्यांनी मुद्दाम नमस्कार सांगितलाय.

मग हसू थांबवून म्हणाल्या, "औषधांचं तुला शिकवण्यासारखं माझ्याकडे फार दिवस उरणार नाही. पण उद्या तुझ्या हाताखाली माणसं असतील. तुला जे कळलं ते त्यांच्यापर्यंत पोचलं नाही, तर पेशंटला त्याचा काय उपयोग?"

मला ते पटलं असं नाही. पण नर्सेससमोरच्या भाषणाआधी त्या आठवडाभर उजाडायच्या आत येऊन रिकाम्या खोलीत एकट्या बसून माझी तालीम ऐकत होत्या. ज्यांना फुकटात राबवून घ्यायचं असतं ते स्वतः झोपमोड करत नाहीत, एवढं तूही मान्य करशील.

तिमाही मूल्यमापन झालं. औषधांत मी सगळ्यांत वर. शिकवणं आणि माणसं सांभाळणं, यात खाली. ते जूनपर्यंत सुधारलं नाही तर प्रमाणपत्र नाही.

म्हणून आता मी शिकवण्यात जीव ओतलाय. विद्यार्थिनी आलीय. पा न्या वांग, सेंट पॉलमध्ये लाओसहून आलेल्या ह्मोंग लोकांच्या वस्तीतली, कॉलेजचं शेवटचं वर्ष. नाताळापर्यंत माझ्याकडे आहे. सकाळी ती पेशंटशी बोलते, माहिती काढते आणि राऊंडला सगळ्यांसमोर मांडते. मी तिची एकही चूक सोडत नाही. आमचं काम मुळात हेच आहे, आत्या. समोर आलेल्या कागदावर जे बरोबर आहे त्याच्यावरून नजर पुढे सरकवायची आणि चुकलेल्या जागी बोट ठेवायचं. बरोबर असलेल्या गोळीला कुणी शाबासकी देत नाही. पहिल्या दिवशी ती घडाघडा बोलत होती, अमक्याच्या बायकोचं, तमक्याच्या कुत्र्याचं. मी म्हटलं, गप्पा नकोत, आकडे सांग. आता ती मोजकं आणि स्वच्छ बोलते. बघ, सुधारतेय.

तुझी,
हिल्मा


एव्हलेथ
२६ ऑक्टोबर २०१८

हिल्मा पोरी,

कामगार पुढाऱ्याची मुलगी आहे म्हणतेस, तर माझा आरोप मी थोडा मागे घेते. थोडाच. त्यांना माझाही नमस्कार.

त्या मुलीशी कडक राहा. लाडानं कुणी शहाणं झालेलं मी पाहिलं नाही. मी नव्या बायकांना पहिल्या दिवशी सगळ्यांत मोठं पातेलं उचलायला लावायची.

इथे रात्री पाणी गोठायला लागलंय. लोकरीचे मोजे वेगळ्या पार्सलनं पाठवतेय.

लेम्पी आत्या


मिनियापोलिस
१५ नोव्हेंबर २०१८

प्रिय आत्या,

मोजे पायात आहेत. आज मनावर दगड आहे, म्हणून लिहायला बसले.

आमच्या वॉर्डात श्री. लुंडीन म्हणून एक पेशंट होते. बायको गेलेली, एकटे राहतात, तळ्यावर बर्फातली मासेमारी करतात. रक्त पातळ ठेवायची गोळी त्यांना बरीच वर्षं चालू होती. आम्ही ती बदलून नवी दिली. घरी सोडताना मी स्वतः त्यांच्या खाटेपाशी बसून सांगितलं, जुनी आजपासून बंद, नवी सुरू, दोन्ही एकत्र कधीही नाही. ते मान हलवत होते.

पाच दिवसांत ते रुग्णवाहिकेतून परत आले. पोटात रक्तस्राव. ते दोन्ही घेत होते, सकाळी जुनी, रात्री नवी. घरात जुनी बाटली भरलेली होती आणि पैसे देऊन घेतलेली वस्तू फेकायची कशी. एक अख्खी रात्र आम्हाला वाटत होतं की ते जातात. आता बरे आहेत. त्यांची प्रकृती भक्कम म्हणून बचावले, मी परत परत मनात हात जोडते.

पण खरी गोष्ट पुढे आहे. हे पा न्याला माहीत होतं, बरं वाटल्यावर लुंडीनच म्हणाले. घरी सोडण्याच्या आदल्या दिवशी ते तिच्याशी बोलत होते, मासेमारीच्या खोपट्याला नवं छप्पर घालायचंय वगैरे, आणि बोलता बोलता म्हणाले होते की जुन्या गोळ्या संपवीनच, वाया नाही घालवणार. तिनं ऐकलं आणि मला सांगितलं नाही. कुणालाच सांगितलं नाही. मी ते डॉ. बार्नवेलना सांगितलं. आता सहा डिसेंबरला चौकशीची बैठक आहे. फार्मसीचे व्यवस्थापक कर्टिस वेलँड म्हणतात, माहिती दडवली, सरळ गोष्ट आहे. बैठकीनं तसं ठरवलं तर कॉलेज तिला नापास करेल आणि मे महिन्यात तिला पदवी मिळणार नाही. कदाचित कधीच नाही, कारण तिची फी भरायला तिच्या घरच्यांनी भाजीबाजारातली जागा विकलीय.

मला वाईट वाटतं. पण तिनं सांगितलं नाही, हे खरं आहे. मी माझ्या शिकवण्यात कसर ठेवली नव्हती.

तुझी,
हिल्मा


एव्हलेथ
१८ नोव्हेंबर २०१८

हिल्मा,

तुझं पत्र मी समोर ठेवलंय. तिनं सांगितलं नाही, हे तू पुन्हा पुन्हा लिहिलंस. का सांगितलं नाही, हे एकदाही नाही. तू तिला विचारलंस?

जगात कुठेही काही कोसळलं, पूल असो, खाण असो की राज्य, की चौकशीला बसणारे पहिल्यांदा खाली बघतात आणि सर्वांत खालच्या पायरीवर उभ्या असलेल्या माणसाचं नाव लिहून घेतात. त्याचं नाव लिहायला सोपं असतं, कारण तो उलट बोलत नाही. हे मी ग्रंथांतून वाचलंय आणि या गावात डोळ्यांनी बघितलंय. आमच्या घरातली मुलगी एक दिवस त्या टेबलाच्या वरच्या बाजूला बसून बोट खाली दाखवील, असं मात्र मला वाटलं नव्हतं.

पहिल्या दिवशी ती घडाघडा बोलत होती, हे मला कुणी सांगितलं? तूच लिहिलंस. मग ती मोजकं बोलायला लागली, हेही तूच लिहिलंस, आणि वर त्याला सुधारणा म्हणालीस. आणि मी म्हातारी, तुला म्हटलं कडक राहा. ते वाक्य मी पूर्ण मागे घेते, यावेळी थोडं नाही.

सर्जनला डोस बदलायला लावतेस आणि एका मुलीला एक प्रश्न विचारायला जीभ वळत नाही? जा आणि विचार. विचारून झाल्यावर गप्प बस. तुला तेच अवघड जाईल, कारण तू माझी भाची आहेस.

मी रागावले आहे. पण पत्र आलं नाही तर जास्त रागावेन.

लेम्पी आत्या


मिनियापोलिस
२३ नोव्हेंबर २०१८

प्रिय आत्या,

काल थँक्सगिव्हिंग. मला ड्यूटी होती आणि तिलाही. हॉस्पिटलच्या कॅन्टीनमध्ये टर्कीचं सँडविच आणि एक चमचा क्रॅनबेरी, एवढाच सण. मी ताट घेऊन तिच्यासमोर बसले. ती लगेच उठायला लागली, तिला वाटलं मला ते टेबल हवंय.

मी विचारलं. आणि तू म्हणालीस तसं गप्प बसले. फार वेळ गेला. दोनदा माझ्या तोंडाशी वाक्य आलं, पण मी दोन्ही वेळा सँडविचचा घास घेतला.

शेवटी ती म्हणाली, "ती गप्पांतली गोष्ट होती. तुम्ही म्हणाला होतात, गप्पा नकोत."

एवढंच. तिच्या आवाजात राग नव्हता, आत्या. आज्ञा पाळल्यासारखं सांगत होती. मग हळूहळू बाकीचं आलं. लुंडीनसाहेब गोळ्यांबद्दल बोलले तेव्हा तिच्या मनात आलं होतं की हे सांगावं. पण त्याच सकाळी मी डॉक्टर आणि नर्सेससमोर तिला मध्येच तोडून विचारलं होतं की पेशंटच्या कुत्र्याचा रक्तदाब पण घेतलास का. सगळे हसले होते. मला तो विनोद आठवतसुद्धा नव्हता. तिला वाटलं, म्हाताऱ्याचं बोलणं सांगितलं तर परत तेच होईल, आणि नाहीतरी डॉ. रौतिओ, म्हणजे मी, स्वतः त्यांना समजावणार आहे, आणि मला तिच्यापेक्षा जास्त कळतं.

आणि जिला जास्त कळतं तिनं काय केलं? लुंडीनसाहेबांपुढे शुद्ध माहिती ओतली, त्यांनी मान हलवली, मी कागदावर खूण करून पुढे गेले. घरी जाऊन काय कराल, हा एक प्रश्न मी विचारला नाही. तिनं विचारला नव्हता तरी तिला उत्तर मिळालं, कारण ती खोपट्याच्या छपराबद्दल ऐकत बसली होती.

डॉ. बार्नवेलना मी आज हे सांगितलं. त्यांनी मला रागावावं अशी माझी फार इच्छा होती. त्या म्हणाल्या, हे मला नको, बैठकीला सांग. आणि जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवला.

बैठकीत विभागांचे सगळे प्रमुख असतील. पुढच्या वर्षाच्या जागांचं ठरवणारेही तेच. मी औषधांबद्दल कितीही वेळ बोलू शकते. हे कसं बोलायचं, ते मला येत नाही. तुला येतं.

तुझी,
हिल्मा


एव्हलेथ
२७ नोव्हेंबर २०१८

माझी हिल्मा,

चांगलं केलंस.

सांगते. प्रस्तावना करू नकोस. परिस्थिती, दडपण, कामाचा ताण, यातला एकही शब्द पहिल्या पाच वाक्यांत नको. पहिल्या वाक्यात स्वतःचं नाव घे आणि काय केलंस ते सांग. रडू नकोस. रडलीस की लोक तुझी समजूत काढायला लागतात आणि ती मुलगी बाजूला राहते.

दुसरं. तिच्यासाठी बोलायला जाऊ नकोस. तिला तोंड आहे. तिला विचार की तिला त्या खोलीत यायचंय का. आयुष्यभर मी ज्यांच्यासाठी बोलले, त्यांतल्या ज्या बायका पुढे स्वतः बोलल्या, त्यांच्यामुळेच आम्ही जिंकलो.

पुल्ला पाठवतेय. दोन डबे. एक तिचा.

लेम्पी आत्या


मिनियापोलिस
८ डिसेंबर २०१८

प्रिय आत्या,

बैठक झाली. ठीक झाली. पा न्या राहतेय, तिच्यावर काही ठपका नाही, मे महिन्यात पदवी मिळेल. डबा तिला दिला आणि तुझा पत्ताही, तिनं मागितला म्हणून. सध्या कामाचा डोंगर आहे, नाताळानंतर सविस्तर लिहीन. तुझे उपकार कसे मानू ते कळत नाही.

हिल्मा


सेंट पॉल
१९ डिसेंबर २०१८

आदरणीय लेम्पी आजी,

आमच्याकडे एवढ्या वयाच्या बाईंना नावानं हाक मारली तर आई उभी चिरेल, म्हणून आजी लिहिते. चालेल ना?

पुल्ल्याबद्दल आभार मानायला हे पत्र. आमच्या घरात माणसं खूप आणि पाव एक. माझ्या आजीनं तो चिकट भाताबरोबर खाल्ला आणि म्हणाली, बनवणारीच्या हाताला चव आहे. तुमच्याकडे कुणी आमच्या तिखट पपईच्या कोशिंबिरीबद्दल एवढं चांगलं बोलेल की नाही शंका आहे, तरी उन्हाळ्यात घेऊन येईन.

बैठकीचं हिल्मानं तुम्हाला काय लिहिलं ते मी विचारलं. 'ठीक झाली' असं लिहिलंय म्हणाली. म्हणून आता हे मीच लिहिते.

तिनं मला आधी विचारलं होतं की मी येणार का. मी नाही म्हटलं. दुसऱ्या दिवशी हो म्हटलं. मोठं लांब टेबल, सगळे बसलेले. वेलँडसाहेबांनी सुरुवात केली. विद्यार्थिनी शांत स्वभावाची आहे, त्यांच्या समाजात मोठ्यांपुढे बोलायची पद्धत नसते, वगैरे. आजी, आमच्या घरात ओरडल्याशिवाय भातसुद्धा ताटात पडत नाही. मी जन्मात कधी शांत नव्हते. फक्त त्या वॉर्डात झाले होते.

मग हिल्मा उठली. तिथे कुणी उठून बोलत नाही, ती उठली. म्हणाली, "मी हिल्मा रौतिओ. पा न्या वांगनं काही दडवलं नाही. मी तिला गप्प केलं." आणि कसं केलं ते सांगितलं. कुत्र्याचा विनोदसुद्धा सांगितला, शब्दन् शब्द. या वेळी कुणी हसलं नाही. स्वतः लुंडीनसाहेबांना काय विचारायला हवं होतं आणि विचारलं नाही, तेही सांगितलं. मग म्हणाली की त्या पेशंटनं काय सांगितलं होतं ते पा न्याच्या तोंडून ऐका, कारण ऐकणारी तीच एकटी होती. आणि बसली.

माझ्या तोंडून शब्द फुटेना. वेलँडसाहेब दयेनं म्हणाले, राहू दे, आपण पुढे जाऊ. तेव्हा हिल्मा त्यांच्याकडे न बघता म्हणाली, "थांबा, ती बोलतेय."

मी बोलत नव्हते, आजी. पण तिनं तसं म्हटल्यावर मला बोलावंच लागलं. आणि सुरू झाल्यावर मी थांबलेच नाही. खोपट्याचं छप्पर, गेलेली बायको, फुकट न घालवायची सवय, सगळं. शेवटी म्हटलं की आकडे कागदावर असतात, पण माणूस घरी जाऊन काय करणार ते फक्त गप्पांत असतं. हृदयविकाराच्या मोठ्या डॉक्टरांनी ते लिहून घेतलं.

आता नियम झालाय. घरी सोडताना पेशंट स्वतःच्या शब्दांत सांगतो की उद्या सकाळी उठून काय घेणार. आणि राऊंडला विद्यार्थी आधी पेशंटचं बोलणं सांगतात, आकडे नंतर.

एक गोष्ट तिनं तुम्हाला लिहिली नसणार. हृदयविकाराच्या विभागात दुसऱ्या वर्षाच्या रेसिडेन्सीची एक जागा असते. ती तिलाच मिळणार असं सगळे धरून चालले होते. गेल्या आठवड्यात ती दुसऱ्याला दिली. शिकवण्याची बाजू कच्ची असल्याचं उमेदवारानं स्वतः मान्य केलं आहे, असं कारण दिलं. ती मला म्हणाली की खोटं तर नाही ते. डॉ. बार्नवेल खूप भांडल्या, पण एकीचं मत किती चालणार.

मला माझी पदवी मिळेल. कुणाची जागा गेली म्हणून मिळेल, हे मी विसरणार नाही. तुम्ही तिला जे काही लिहिलं असेल, त्याबद्दल आभार. तिनं मला ते दाखवलं नाही. फक्त म्हणाली, माझी आत्या कागदावरून कान पिळते.

तुमची,
पा न्या वांग


एव्हलेथ
२३ डिसेंबर २०१८

हिल्मा,

'ठीक झाली'. एवढी मोठी जागा गेली आणि तुझ्या पत्रात दोन शब्द. हा लपवायचा गुण बापाकडून घेतलास.

मी आज संध्याकाळी अंगणातली सौना तापवली आणि वाफेत एकटी बसले. माझ्या मोठमोठ्या सभा आठवल्या. टाळ्या खूप मिळाल्या मला. पण समोरच्या माणसाला बोलता येईपर्यंत खोली थांबवून धरायची, हे मला जमलं असं आठवत नाही. मी आधीच बोलून टाकायची. तुझ्या बार्नवेलबाईंना सांग की त्या गाठोड्याबद्दल मी जे लिहिलं होतं ते सगळं चूक होतं. हे कामसुद्धा औषधच आहे, आणि ते तुला शिकवल्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. एवढ्या शब्दांत सांग. मी हे वाक्य सहसा कुणाला पाठवत नाही.

नाताळाला येणार नाहीस हे कळलं. बर्फ फार आहे, येऊही नकोस.

तुझीच,
लेम्पी आत्या


मिनियापोलिस
२३ जून २०१९

प्रिय लेम्पी आत्या,

प्रमाणपत्र हातात पडलं. शिकवण्याच्या रकान्यात आता 'खाली' असं लिहिलेलं नाही. पुढच्या महिन्यात मी फार्गोला जातेय. तिथल्या हॉस्पिटलात नोकरी आहे, विद्यार्थी आहेत, आणि थंडी इथल्यापेक्षा जास्त आहे, म्हणजे तुला मोजे विणायला निमित्त. ती जागा गेली तेव्हा मला बरेच दिवस झोप लागली नाही, हे तुझ्यापासून लपवत नाही. आता लागते.

डॉ. बार्नवेलना मी निरोपाचं पत्र लिहिलं. आभारांची यादी करायला गेले आणि पान पुरेना. बैठकीचं टिपण लिहिताना कोण बोलतं आणि कोण कधीच बोलत नाही ते मला दिसायला लागलं, हे त्यांच्यामुळे. आमदारांना पत्र लिहिताना एका पेशंटची गोष्ट चार ओळींत सांगायला शिकले, हे त्यांच्यामुळे. ज्या कामांना मी गाठोडं म्हणाले होते, त्यातलं एकही आता मला औषधांपासून वेगळं काढता येत नाही. तुझा निरोप मी त्यांना शब्दशः पोचवला होता. त्यांनी तो वडिलांच्या फोटोजवळ ठेवलाय.

पा न्याच्या पदवीदानाला गेले. तिच्या आजीनं माझ्या मनगटाला आशीर्वादाचा पांढरा दोरा बांधला आणि ह्मोंगमध्ये काहीतरी बराच वेळ म्हटलं. पा न्यानं भाषांतर करायला नकार दिला. नुसती हसत होती. लुंडीनसाहेबही आले होते, टाय लावून.

आणि परवाची गोष्ट, जिच्यासाठी खरं हे पत्र. माझा शेवटचा आठवडा आहे, शेवटचा विद्यार्थी एझ्रा. येऊन चारच दिवस झालेत, कानापर्यंत लाल होणारा, लाजरा. राऊंड चालू होता, सगळा ताफा खाटेभोवती उभा. मी एका आजींचा डोस सांगितला आणि डॉक्टर लिहायला लागले. तेवढ्यात मागून एझ्राचा आवाज आला की हे चुकतंय. आजींच्या किडनीचा रिपोर्ट सकाळी नवा आला होता, काम घसरलं होतं, आणि मी कालच्या रिपोर्टवरून बोलत होते. त्यानं मला चुकलं म्हटलं, वर्षभर ज्या वॉर्डात मी सगळ्यांच्या चुका काढल्या तिथे, सगळ्यांसमोर. आणि तो बरोबर होता.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. एझ्राचा चेहरा पांढरा पडला, आता काय होणार म्हणून. आत्या, मला त्या क्षणी फार आनंद झाला. मी त्याला म्हटलं, पुन्हा सांग, जरा मोठ्यानं, त्या टोकाच्या नर्सला ऐकू गेलं नाही.

तुझी,
हिल्मा